कृष्णाकाठची दुसरी कला

महाराष्ट्रात दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या पहिल्या नाट्यप्रयोगाची ती आठवण आहे. त्या दिवशी सांगलीत भावे यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते, गावोगावच्या नाट्यगृहांत नटराजपूजन होते आणि वर्तमानपत्रांत रंगभूमीच्या भवितव्यावर लेख येतात. भाव्यांच्या त्या प्रयोगानंतर सदतीस वर्षांनी, म्हणजे २० मार्च १८८० रोजी, त्याच कृष्णाकाठच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. आपल्या देशातल्या माणसाने उभी केलेली ती पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. औदुंबरला दत्तदर्शनासाठी जाणारे हजारो लोक या अंकलखोपच्या शिवारातून जातात आणि संक्रांतीला तिथे साहित्य संमेलनही भरते. २० मार्च ही तारीख मात्र कोणत्याही सरकारी किंवा खासगी दिनदर्शिकेत नसते.

तारीख नसणे ही किरकोळ बाब आहे, पण ती ज्या वृत्तीतून येते ती वृत्ती किरकोळ नाही. सर्कस हा कोणातरी मालकाचा धंदा आहे, चालला तर चालला, बुडाला तर बुडाला, अशी आपली समजूत आहे. मला वाटते, ही समजूत आता बदलायला हवी. ही कला आजवर घराण्यांनी वाहिली. कायद्याने त्या घराण्यांच्या हातून वन्यप्राणी काढून घेतले आणि लहान मुले काढून घेतली, आणि दोन्ही गोष्टी योग्यच केल्या. परंतु पुढच्या पिढीला शिकवण्याचे जे काम घराणे बऱ्यावाईट रीतीने करीत होते, ते यापुढे कोणी करायचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ते काम राज्याने उचलले पाहिजे, आणि ज्या राज्यात भारतीय सर्कस जन्मली त्या महाराष्ट्राने ते सर्वांत आधी उचलायला हवे होते.

छत्र्यांची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे आणि सांगणाऱ्यागणिक तिच्यात थोडा फरक पडतो. मूळ धागा असा की, ज्युसेप्पे कियारिनी नावाच्या इटालियन मालकाची सर्कस मुंबईत आली असता, हिंदुस्थानी माणसाला असा खेळ उभा करायला अजून बराच काळ लागेल अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला आणि छत्र्यांनी ते मनाला लावून घेतले. अशा कथेत अभिमानाचे मीठ थोडे जास्त पडलेले असते, हे धरूनच ती ऐकावी. परंतु कथेच्या मागची माहिती पक्की आहे. छत्रे हे मुळात घोड्यांचे माणूस होते. ग्वाल्हेरला त्यांनी अश्वविद्या आणि गाणे अशा दोन्ही गोष्टी शिकून घेतल्या होत्या, आणि सर्कस नावाच्या प्रकाराचा पाया घोड्यावरच उभा असतो.

सर्कशीचे रिंगण जगभर साधारण ४२ फूट व्यासाचे असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वाराने आपले खेळ सुरू केले तेव्हापासून हे माप हळूहळू रूढ झाले. एवढ्या गोलात घोडा एका लयीत दौडत राहिला की त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या माणसाला आतल्या बाजूला किंचित कलून तोल सांभाळता येतो. गोल लहान केला तर घोड्याची लय मोडते आणि फार मोठा केला तर कलण्याचा आधार जातो. आज एकही घोडा नसलेल्या सर्कशीतसुद्धा रिंगण त्याच मापाचे आखले जाते. संस्थानी पागेच्या जगात वाढलेल्या छत्र्यांना हे गणित कोणी समजावून सांगावे लागले नसणार.

त्यांच्या सर्कशीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ग्वाल्हेरचे हद्दू खाँ यांचे चिरंजीव रहिमत खाँ हे विलक्षण प्रतिभेचे गवई विपन्नावस्थेत भटकत होते. गुरुपुत्र म्हणून छत्र्यांनी त्यांना आपल्याजवळ आणले आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर त्यांच्या मैफलीही गावोगाव होऊ लागल्या. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कस सांभाळली. रहिमत खाँ १९२२ साली कुरुंदवाडला वारले, आणि त्यांच्या गायकीची छाप अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयावरही पडली. ख्याल आणि कसरत एकाच बैलगाडीतून प्रवास करीत होती आणि त्यात त्या काळच्या श्रोत्यांना काही वावगे वाटले नाही. आपण मात्र पुढे त्यातला ख्याल उचलून संगीत सभेत नेला आणि कसरत मैदानात ठेवून दिली.

१८८० च्याच दशकात छत्र्यांची सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली. तिथे त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन या कळरी (केरळची युद्धकला) आणि व्यायामविद्येच्या शिक्षकाशी पडली. छत्र्यांना कसरतपटू हवे होते आणि कुञ्ञिकण्णन यांच्यापाशी अंग घडवण्याची विद्या होती. १९०१ मध्ये त्यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली, आणि पुढच्या अर्धशतकात देशातल्या बहुतेक मोठ्या सर्कशींचे कलावंत, पुष्कळदा मालकही, त्या पंचक्रोशीतून आले. १९५१ मध्ये जेमिनी सर्कस उभी करणारे मूर्कोत शंकरन हे कुञ्ञिकण्णन यांचेच शिष्य होते. सांगलीच्या माणसाने पेरलेले बी मलबारात एवढे का फोफावले, याचे माझ्या मते एक सरळ उत्तर आहे: तिथे शाळा निघाली, आणि आपल्याकडे घराणी निघाली.

महाराष्ट्रातली घराणी काही लहान नव्हती. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस, तासगावच्या परशुराम माळी यांची सर्कस, पुण्याच्या शेलारांची सर्कस, बाबुराव कदम यांनी १९२० मध्ये सुरू केलेली आणि पुढे ‘ग्रेट बॉम्बे’ म्हणून गाजलेली सर्कस, ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीला नाटक कंपन्यांच्या नावांइतकी पाठ होती. घराण्याने चालवलेली सर्कस म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. भांडवल घरचे असते, म्हणजे बहुधा जमिनीवर काढलेले कर्ज. तिकिटाच्या गल्ल्यावर भाऊ बसतो, पुढच्या मुक्कामाचे मैदान ठरवायला मेहुणा आधी जाऊन येतो, जनावरांच्या वैरणीचा हिशेब काका पाहतो. रिंगणातले कौशल्यही असेच पिढीतून पिढीत जाते. झुल्यावरच्या बापाची मुलगी झुल्यावर, सायकलवाल्याचा मुलगा सायकलवर. कागदावर काहीही लिहिलेले नसते. दोर किती ताणावा, जाळे किती सैल सोडावे, खाली येताना पाठ कधी टेकवावी, हे सारे ज्ञान माणसांच्या अंगात असते आणि माणूस गेला की तेही जाते.

‘सर्कस म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत येते. ते खोटे नाही. एकाच मैदानात शंभरसव्वाशे माणसे वर्षानुवर्षे एका चुलीवर जेवत असतील तर नाती तयार होतातच. पण कुटुंब म्हटले की वारसा येतो, आणि वारशाकडे पाहिले की या कुटुंबात दोन थर दिसतात. तंबू, ट्रक आणि नाव मालकाच्या मुलांकडे जाते. कलावंताच्या मुलांकडे कला जाते, आणि कलेबरोबर चाळिशीत दुखू लागणारे खांदे आणि गुडघे जातात. गेल्या शतकाच्या अखेरीस नेपाळातल्या आणि आपल्याकडच्या गरीब घरांतून करारावर आणलेल्या मुलींच्या ज्या कहाण्या न्यायालयापुढे आल्या, त्या वाचल्यावर ‘कुटुंब’ हा शब्द फार जपून वापरावासा वाटतो. त्या मुलींना सुटका हवी होती, आणि त्यांना ‘तुम्ही आमच्या घरच्याच’ असे सांगितले जात होते.

१८ एप्रिल २०११ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी करणारी अधिसूचना काढण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. तो निर्णय योग्य होता, असे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. त्याचबरोबर त्याची किंमतही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९०२ मध्ये पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीच मामांच्या शेलार सर्कशीत शिरले, अनेक कामे करीत हिंस्र जनावरांपर्यंत पोचले, आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघ-बिबट्यांचा खेळ करणारे कलावंत म्हणून उभे राहिले. आजच्या कायद्यात दामू धोत्रे घडणे शक्य नाही. एकतर त्यांना रिंगणात शिरू दिले जाणार नाही आणि शिरले तरी तिथे वाघ नसतील. ज्यांना हे वाक्य ऐकून हळहळ वाटते त्यांनी असाही विचार करावा की, एका दामू धोत्र्यांमागे अशी किती मुले झाली ज्यांना ना शाळा मिळाली, ना नाव मिळाले, आणि ज्यांची नोंद कोणीच ठेवली नाही.

पण गोम पुढेच आहे. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामास बंदी करताना त्या दुरुस्तीने कलावंत मुलांसाठी सवलत ठेवली. जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि अशाच इतर मनोरंजनाच्या किंवा क्रीडेच्या कार्यक्रमांत मूल अटींसह काम करू शकते; आणि त्याच ओळीत, स्वल्पविरामही न घेता, ‘सर्कस वगळून’ असे शब्द आहेत. आता दुसरा कागद पाहा. जीएसटीच्या व्यवस्थेत माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर माफ आहे आणि ती माफी सर्कस, नृत्य आणि नाटक यांना एकाच ओळीत दिलेली आहे. म्हणजे कर घेताना सर्कस ही नाटकाची बहीण आहे, आणि मुलाचा प्रश्न आला की ती खाणीच्या आणि फटाक्यांच्या कारखान्याच्या शेजारी जाऊन बसते. बंदी सैल करा, असे मी म्हणत नाही. बारा-बारा तास चित्रीकरणाच्या दिव्यांखाली उभ्या राहणाऱ्या बालकलाकारांविषयी आपण इतके निश्चिंत कसे, हा उलट दिशेचा प्रश्न मात्र मला पडतो. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

प्राण्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. १९९१ पासून सुरू झालेला वाद १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेपर्यंत आला. तिने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आणली. सर्कस मालकांनी ती आव्हानित केली, केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये ती उचलून धरली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का उमटवला. पुढे हत्तींनाही हळूहळू तंबूबाहेर काढण्यात आले. मालकांची तक्रार अशी की वाघ गेला आणि प्रेक्षक गेला. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. वाघ असतानाच्या शेवटच्या वीस वर्षांत दूरचित्रवाणी घरोघर आली होती, आणि मालकांनी नव्या कसरती, नवे संगीत, नवी मांडणी यांवर पैसा घालण्याऐवजी पिंजऱ्यावरच भिस्त ठेवली. कॅनडात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्क द्यू सोलेय’ने वाघ-सिंहांच्या खेळाला पहिल्यापासूनच हात लावला नाही. तिला तसे करायला कोणत्या न्यायालयाने सांगितले नव्हते. आपल्या सर्कशीला ते शक्य नव्हते याचे कारण एकच, आणि ते पैशाचे नाही: तिच्याकडे नवा कसरतपटू घडवण्याची जागा नव्हती. घराण्यात जो जन्माला येईल तो, आणि गरिबीतून जो आणला जाईल तो, एवढ्याच दोन वाटा होत्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या गावी एक मध्यम आकाराची सर्कस आली होती. दुपारचा खेळ सुरू व्हायला दीड तास असताना मी मागच्या बाजूने आत गेलो. झुल्यावर काम करणारी पस्तिशीची एक बाई जाळ्याच्या कडेने चालत होती. दर चार पावलांवर थांबून ती जाळ्याची गाठ अंगठ्याने दाबून पाही, एखादी सैल लागली की दातांनी दोर ओढून पुन्हा बांधी. हे काम तिच्यावर कोणी सोपवले आहे का, असे मी विचारले. ती म्हणाली, “दादा, पडायचं मला आहे. दुसऱ्याच्या गाठीवर कशी पडू?” तंबूच्या मागे राहुटीच्या दारात तिची नऊ वर्षांची मुलगी चटईवर बसून तेराचा पाढा म्हणत होती. या वर्षातली तिची ही तिसरी शाळा. मुलगी झुला शिकते का, असे विचारल्यावर बाई चटकन म्हणाली, “नाही, इथे हात लावू देत नाही. साहेब लोक येतात बघायला.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “अठराव्या वर्षी झुला शिकायला घेतला तर हाडं ऐकतात का, तुम्हीच सांगा. आणि आधी शिकायचं तर कुठे?”

तिचा प्रश्न मी तेव्हापासून बाळगून आहे. अठराव्या वर्षी शून्यापासून सुरुवात करून झुल्यावर तयार होणे फार कठीण जाते, ही वस्तुस्थिती आहे. सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात झालेली बरी. आठव्या वर्षीच्या मुलाला रिंगणात उतरवायचे नाही हाही कायदा आहे, आणि तो राहिला पाहिजे. या दोन गोष्टींत विरोध दिसतो, कारण आपण शिकणे आणि राबणे या दोन वेगळ्या क्रिया एकच समजत आलो. घराण्याच्या सर्कशीत त्या एकच होत्या: मूल ज्या दिवशी शिकले त्या दिवसापासून तिकिटाच्या पैशाला हातभार लावू लागले. त्या वेगळ्या करता येतात याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. तो आपल्याच तालमीत, खांबाला तेल लावून उभा आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, असे मानले जाते. आज मुंबईच्या शिवाजी पार्कापासून साताऱ्या-सांगलीच्या व्यायामशाळांपर्यंत हजारो मुले-मुली पुरलेल्या खांबावर आणि दोरीवर जी आसने करतात, ती पाहिलेल्या माणसाला सर्कशीतला दोरावरचा खेळ नवा वाटणार नाही. ही मुले सकाळी शाळेत जातात, संध्याकाळी तालमीत येतात, स्पर्धेला जातात, आणि त्यांचा एक पैशाचाही धंदा कोणी करीत नाही. मल्लखांबाला ‘खेलो इंडिया’त स्थान मिळाले आहे. पण अठरा-वीस वर्षांचे झाल्यावर या मुलांचे काय होते? एखादा पोलीस भरतीत जातो, एखादा क्रीडा शिक्षक होतो, बहुतेकांचा खांब सुटतो. दहा-बारा वर्षे घडवलेले ते शरीर ऐन भरात आले असताना त्याला व्यासपीठ नाही, आणि दुसरीकडे सर्कशीचा मालक कसरतपटू मिळत नाहीत म्हणून इथिओपियापासून माणसे आणतो. दोन टोके इतक्या जवळ असून जोडली जात नाहीत, कारण मल्लखांबाच्या मुलाच्या आईवडिलांना सर्कस ही प्रतिष्ठेची जागा वाटत नाही. माझ्या मुलाने सर्कशीत जावे असे मला वाटेल का? आजच्या सर्कशीत नाही, हे मी कबूल करतो. जिथे लेखी करार, अपघात विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि वर्षातून ठरावीक सुट्टी आहे, अशा सर्कशीत जायला मात्र मी हरकत घेणार नाही.

म्हणून मागणी अशी आहे. राज्य शासनाने सांगलीत किंवा पुण्यात एक प्रशिक्षण केंद्र काढावे. त्यात लहान मुलांसाठी क्रीडा म्हणून आणि अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी पदविका म्हणून कसरतीचे शिक्षण असावे. शिकवायला आज जिवंत असलेले झुलेवाले, तारेवाले, विदूषक यांना मानधनावर बोलवावे, कारण ही पिढी आणखी पंधरा-वीस वर्षेच आहे. तमाशा, दशावतार, खडीगंमत यांच्या पथकांना राज्य अनुदान देते. ज्या सर्कशी कलावंतांशी लेखी करार करतात त्यांनाही त्या रांगेत उभे करावे.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो वजनदार आहे. केरळ सरकारने २०१० मध्ये तलश्शेरीला सर्कस अकादमी काढली होती, ती काही वर्षांतच बंद पडली. मग तोच प्रयोग आपण का करावा? मला यातून वेगळा धडा दिसतो. अकादमी काढताना तिच्याबाहेर पडणाऱ्या मुलांनी कुठे काम करावे, कोणत्या अटींवर करावे, याची व्यवस्था नव्हती. शाळा होती आणि शाळेनंतरचा रस्ता नव्हता. तरीही केरळने निवृत्त सर्कस कलावंतांना पेन्शन दिली, म्हणजे हे लोक कलावंत आहेत हे निदान मान्य केले. आपण तेवढेही केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रशियात १९१९ मध्ये सर्कशी सरकारच्या ताब्यात गेल्या आणि १९२७ मध्ये मॉस्कोत सर्कशीची शाळा निघाली. ती व्यवस्था आपल्याकडे आणावी असे कोणी म्हणणार नाही, कारण सरकारने तंबू चालवायला घेतला तर काय होईल हे आपल्याला आपल्या महामंडळांवरून पुरते ठाऊक आहे. फ्रान्सची वाट मला अधिक पटते. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सर्कस शेती खात्याच्या अखत्यारीत होती, जनावरांमुळे असावे. मग ती संस्कृती खात्याकडे आली, आणि १९८५ मध्ये शालाँ शहरात राष्ट्रीय सर्कस कला केंद्र सुरू झाले. तंबू खासगी राहिले, शिक्षण सार्वजनिक झाले. फायली एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेल्या, एवढीच ती सुरुवात होती.

दुसरा आक्षेप असा की, शेतकऱ्याला आणि दवाखान्याला पैसा नसताना सर्कशीवर खर्च का? हाच प्रश्न नाटकाला विचारला जात नाही, हे मी लक्षात आणून देतो, आणि तो विचारू नये असेही म्हणतो. सर्कस हा तिकीट काढून, शेजारी कोण बसले आहे हे न विचारता, निरक्षर माणसाला आणि प्राध्यापकाला एकाच क्षणी श्वास रोखायला लावणारा प्रयोग आहे. त्याला भाषा लागत नाही, म्हणून त्याला समीक्षक मिळाला नाही. आणि समीक्षक नाही म्हणून त्याला कला म्हणायचे आपण विसरलो. रोजच्या बोलण्यात मात्र आपण ‘तारेवरची कसरत’ अर्थमंत्र्यापासून गृहिणीपर्यंत सर्वांना लावतो.

सगळे मालकांवर किंवा सगळे सरकारवर टाकून भागणार नाही. मालक घराण्यांनाही काही सोडावे लागेल. हिशेब उघडे करावे लागतील, कलावंताला ‘घरचा’ म्हणण्याऐवजी कर्मचारी म्हणावे लागेल. १९९१ पासून पुण्याच्या एका कुटुंबाने चालवलेल्या रॅम्बो सर्कशीने २०२० च्या टाळेबंदीत आपला खेळ चित्रित करून तिकीट लावून ऑनलाइन दाखवला. अडचणीत डोके चालवण्याची ही तयारी घराण्यांत अजून आहे. तिचा उपयोग केवळ तगून राहण्यासाठी व्हावा, हे मला पुरेसे वाटत नाही.

शेवटी मैदानाचा प्रश्न, कारण बाकी सगळे झाले तरी तंबू ठोकायला जमीन लागते. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याच्या गावी सर्कशीचे म्हणून ओळखले जाणारे एक मैदान असे. आता तिथे बसस्थानकाचा विस्तार, व्यापारी संकुल किंवा कडेने कुंपण घातलेले उद्यान आहे. उरलेल्या मैदानांचे भाडे दिवसावर लागते. सर्कशीला महिनाभर मुक्काम लागतो, त्याखेरीज पाणी, वीज, अग्निशमनाचा दाखला, पोलिसांचा दाखला आणि आरोग्य खात्याचा दाखला वेगळा.

त्या दिवशी दुपारचा खेळ संपल्यावर मी मॅनेजरच्या राहुटीत बसलो होतो. तलश्शेरीकडचा, साठी ओलांडलेला माणूस. चाळीस वर्षे महाराष्ट्रात फिरून मराठी चांगली बोलणारा. पुढच्या मुक्कामाच्या मैदानासाठी तो एका नगरपालिकेचा छापील अर्ज भरत होता. ‘वापराचे प्रयोजन’ या रकान्यात चौकोन होते: विवाह समारंभ, धार्मिक कार्यक्रम, राजकीय सभा, प्रदर्शन व विक्री, क्रीडा स्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम, इतर. त्याचे पेन ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या चौकोनावर क्षणभर थांबले. मागच्या गावी तिथे खूण केली होती, तर अर्ज परत आला, असे तो म्हणाला. मग त्याने ‘इतर’ समोर खूण केली, पुढे कंसात ‘सर्कस’ लिहिले आणि सही करायला चष्मा शोधू लागला.